अप्रेंटिसशिप घ्यावी की ठेकेदाराकडे जावं? आणि या सगळ्या सुधारणांतून पुढे काय निघणार?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. भाच्यानं तालुक्याच्या आयटीआयमधून जोडारीचा, म्हणजे फिटरचा, दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलाय. चाकणच्या एका कंपनीचं वर्षभराच्या अप्रेंटिसशिपचं पत्र आलंय, विद्यावेतन मात्र किमान दराच्या जेमतेम वर. त्याच पट्ट्यातला एक ठेकेदार महिना १६ हजार द्यायला तयार आहे. बहीण म्हणते १६ हजार घे, तुम्ही म्हणता कंपनीत जा. हा झाला पहिला. दुसरा असा की सरकार इतक्या योजना आणतंय, आयटीआयसाठी हजारो कोटी जाहीर होतायत, तर पुढच्या पाच-सात वर्षांत अप्रेंटिसशिपला काही वजन येणार आहे, की पोरांना स्वस्तात राबवून घेण्याची ती आणखी एक सोय ठरणार?

मी आधी शासकीय आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर, होतो, नंतर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात उरलेली नोकरी काढली. दोन्ही बाजूंनी हा धंदा पाहिलेला असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पत्र नाकारू नका. पण सही करण्याआधी कंपनीला एकच गोष्ट विचारा: पोराला शिकवणार कोण? त्या माणसाचं नाव, त्याचा हुद्दा, आणि शिकवण्यासाठी त्याला कामातून वेळ मिळतो का. विद्यावेतन, प्रमाणपत्र, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

पैशाचं आधी उरकून घेऊ. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा. त्यात २०१४ साली मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम बदलले. त्या बदलानंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला, कंत्राटी माणसं धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. आयटीआय झालेल्या मुलाला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून त्यातले २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. पूर्वी ही रक्कम कंपनीला परत मिळायची, ऑगस्ट २०२३ पासून ती थेट मुलाच्या खात्यात येते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे ५,००० ते ९,००० ही जी पट्टी आहे ती ६,८०० ते १२,३०० व्हावी अशी. योग्यच आहे. चाकणला कॉट बेसिसवर खोली आणि दोन वेळची मेस एवढ्यातच सात हजारांतला मोठा हिस्सा उडतो, हे तिथे राहिलेला कुणीही सांगेल.

आता कंपनीच्या बाजूनं हिशेब करा. अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याचा पीएफ नाही, ईएसआय नाही. म्हणजे हाताला मिळालेला सगळ्यात स्वस्त माणूस. आणि अप्रेंटिस घेतलेच नाहीत तर? कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये दंड, नंतर १,०००. दंड वसूल होतो की नाही हा भाग सोडून द्या, पण झाला तरी तो एका मुलाच्या विद्यावेतनाच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे ज्याला शिकवायचं नाही त्याला हा कायदा सक्ती करू शकत नाही, आणि ज्याला फक्त हात हवेत त्याला तो १५ टक्क्यांपर्यंत हात पुरवतो. आकडे वाढतात, मेळावे भरतात, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदी होतात. शिकणं झालं का, हे त्यातल्या एकाही रकान्यात येत नाही.

शिकणं म्हणजे नेमकं काय, ते एका कामावरून सांगतो. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथवर, एक बोअर, म्हणजे गोल भोक, करायचा असतो, ३० मिलिमीटर, एच-७ या अचूकतेचा. म्हणजे माप ३०.००० ते ३०.०२१ च्या मध्ये बसलं पाहिजे. २१ मायक्रॉनची मुभा. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याची, धार झिजत जाते तसा बोअर लहान यायला लागतो. शिफ्ट सुरू होताना ३०.०१२, चहाच्या वेळेला ३०.००७, मग ३०.००४. मुलगा बोअर गेज लावतो आणि वहीत आकडा लिहितो. इथे दोन प्रकारचे कारखाने दिसतात. एका ठिकाणी पोराला ताकीद दिलेली असते की माप उतरलं की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, हाक मार, पॅनेलला हात लावायचा नाही. सेटर येतो, दोन बटणं दाबून ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेतली दुरुस्ती, देतो, जातो. पोरगं पुन्हा मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायला आणि काढायला मोकळं. वर्षभर हिरवं बटण.

दुसऱ्या ठिकाणी सेटर त्याला विचारतो, "किती उतरलं? मग किती ऑफसेट देशील? अधिक की उणे?" पोरगं बावचळतं आणि म्हणतं, उणे. सेटर खडूनं मशीनच्या पत्र्यावरच एक्स अक्ष काढून दाखवतो. बोअर मोठा करायचा तर टूलचं टोक मध्यापासून बाहेर सरकलं पाहिजे, म्हणून अधिक. मग त्याच्याच हातानं दहा मायक्रॉनचा वेअर ऑफसेट घालून घेतो, पुढचा पीस काढायला लावतो, मोजायला लावतो. ३०.०१४ येतं. पोराच्या तोंडावरचा भाव त्या वेळी बघण्यासारखा असतो. एकदा का हे कळलं की तो ऑपरेटर राहत नाही, सेटर व्हायच्या वाटेला लागतो, आणि चाकणच काय कोइम्बतूरलाही त्याला काम मिळतं.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं मशीन उभं. लाइनचा सुपरवायझर लांबून बघत असतो, कारण संध्याकाळी पीस किती निघाले हे त्याला विचारलं जातं, पोरं किती शिकली हे नाही. ही दहा मिनिटं कुणाच्या खात्यावर टाकायची, यावर आजवरच्या एकाही सुधारणेनं नीट उत्तर दिलेलं नाही. विद्यावेतनाला सरकारनं हातभार लावला, पोर्टल केलं, अटी सैल केल्या, २०१४ च्या दुरुस्तीत तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. पण त्या सेटरच्या पगारात शिकवण्यासाठी एक रुपया वाढला नाही. उलट पोरगं तयार झालं तर उद्या आपलीच जागा जाईल, ही धास्ती त्याच्या मनात असते आणि ती अगदीच खोटी नाही. सेटर स्वतः कंत्राटी असेल तर मग बोलायलाच नको.

पुण्याच्या परिसरात हे चांगलं चाललेलं लोकांनी पाहिलेलं आहे. सुमंत मूळगावकर प्रमुख असण्याच्या काळात टेल्कोनं, म्हणजे टाटा मोटर्सनं, इथे कारखाना उभारला तेव्हा टूल रूमच्या, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागाच्या, बरोबरीनं मुलं घडवणारा प्रशिक्षण विभागही उभा केला. तिथून बाहेर पडलेल्यांनी पुढे भोसरी-पिंपरीत स्वतःच्या वर्कशॉप टाकल्या, आजही त्या चालू आहेत. तिथे शिकवणं हे कुणाच्या तरी नेमून दिलेल्या कामाचा भाग होतं. फरक एवढाच, पण तोच फरक.

त्याच पट्ट्यानं नंतर 'नीम' पण पाहिली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१३ साली आणलेली ही योजना कागदावर रोजगारक्षमता वाढवणारी होती. प्रत्यक्षात दलाल संस्थांमार्फत मुलं लाइनवर उभी राहिली. ती कामगारांच्या यादीत नाहीत आणि अप्रेंटिस कायद्याखालीही नाहीत. अशी दोन-तीन वर्षं काढून ती एक कागद घेऊन घरी गेली. अखेर परिषदेनं ती गुंडाळली. म्हणून कुणी 'लर्न अँड अर्न', 'ट्रेनी', 'इंटर्न' अशी गोड नावं घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच टाकायचा: करार १९६१ च्या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार का? नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे.

नोकरीच्या आशेबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. अप्रेंटिसशिप संपली की त्याच कंपनीनं कामावर घेतलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. कलम २२ मध्ये २०१४ पासून एवढंच आहे की कंपनीनं आपलं भरतीचं धोरण ठरवावं. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. प्राधान्य, हमी नाही. २० मार्च २०१८ ला सकाळच्या गर्दीत माटुंगा-दादरच्या मध्ये रुळांवर बसलेली पोरं मुंबईकरांना आठवत असतील. ती रेल्वेची अप्रेंटिस झालेली मुलं होती. भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा राखलेल्या, त्यांची मागणी ती मर्यादा काढा आणि आम्हाला सामावून घ्या अशी. लोकल अडल्या म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. पण त्या मुलांचं दुखणं खरं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या कित्येक कामांना रेल्वेबाहेर गिऱ्हाईकच नाही. भाच्याच्या बाबतीत म्हणूनच बघा की तो जे शिकेल ते त्या एका कंपनीच्या भिंतीबाहेर चालतं का. बोअर गेज, ऑफसेट, हायड्रॉलिक सर्किट, बेअरिंग बसवणं, अलाइनमेंट हे कुठेही चालतं. एकाच गाडीच्या दाराला चार बोल्ट आवळणं कुठेच चालत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, मुदत सहा महिने. पुढे ती आणखी पाच महिने वाढवली आणि मग प्रशिक्षणार्थींची कायम करा म्हणून आंदोलनं झाली. हेतूवर शंका घेत नाही, घरात पैसे आले हे खरंच. पण मुलाच्या नजरेनं बघा. परीक्षा नाही, गावाजवळ कुठल्या तरी कार्यालयात बसायचं, आणि ८,००० रुपये. इकडे घर सोडून शिफ्टमध्ये तेल-चिप्समध्ये उभं राहायचं, शेवटी परीक्षा द्यायची, आणि किमान दर ७,०००. माझ्या ओळखीच्या निदेशकांनी सांगितलं, चांगली चांगली मुलं तिकडे वळली. एका हातानं अप्रेंटिसशिप वाढवायची आणि दुसऱ्या हातानं तिच्यापेक्षा सोपं काही जास्त पैशात द्यायचं, असं चालू आहे.

केंद्राची आयटीआय सुधारण्याची पीएम-सेतू योजना मला त्यामानानं गंभीर वाटते. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ४ ऑक्टोबरला शुभारंभ, पाच वर्षांत ६०,००० कोटी, १,००० शासकीय आयटीआय. त्यातल्या २०० मुख्य आणि त्यांना जोडलेल्या ८००. उद्योगांना चालवण्यात वाटा द्यायचा आहे. बातम्यांत इमारती आणि मशिनरी दिसली. माझं लक्ष मात्र योजनेतल्या एका कमी बोलल्या गेलेल्या भागावर आहे: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना इथल्या राष्ट्रीय संस्थांमधून ५०,००० प्रशिक्षक तयार करणं. हे जमलं तर बाकीचं जमेल. आपल्या महाराष्ट्रात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत, तालुका-तालुक्याला. निदेशकांच्या जागा रिकाम्या आणि काम तासिका तत्त्वावरच्या माणसांवर, हे दृश्य त्यांतल्या अनेक ठिकाणी नवं नाही. नवीन व्हीएमसी, म्हणजे संगणकानं चालणारं मिलिंग मशीन, आलं, वर्षभर प्लास्टिकच्या वेष्टनात राहिलं, कारण ते चालवून दाखवणारा माणूस मंजूर झाला नाही, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी नोटीस जाईल.

भूगोलाची अडचण वेगळी. आयटीआय सगळीकडे, कारखाने मात्र पुणे, ठाणे-रायगड, नाशिक, संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर अशा मोजक्या पट्ट्यांत. काही महिने आयटीआय आणि काही महिने कंपनी अशी दुहेरी पद्धत २०१६ पासून आहे, आणि ती चांगली आहे. पण भामरागडच्या किंवा धारणीच्या आयटीआयनं करार करायचा कुणाशी? तिथल्या मुलाला चाकणला यावंच लागतं. मग विद्यावेतनापेक्षा वसतिगृह जास्त महत्त्वाचं ठरतं. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. जोडारी, वीजतंत्री अशा ट्रेडला आता मुली येतात, कामही नीटनेटकं करतात, पण राहायची सोय नाही म्हटलं की बाप पत्र फाडून टाकतो. ६०,००० कोटींतून औद्योगिक वसाहतींत प्रशिक्षणार्थींची वसतिगृहं बांधली तर मी तिथे नारळ फोडायला स्वखर्चानं येईन.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे प्रत्येक परिसंवादात निघतं, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून जास्तच. लोक सांगतात ते आठवड्यातले तीन-चार दिवस कारखाना आणि एक-दोन दिवस शाळा. ते खरं आहे, पण त्या पद्धतीचा कणा निराळा आहे. तिथे शिकवणाऱ्याला शिकवता येतं का, याची त्याची स्वतःची परीक्षा असते. आणि मुलाची शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, शाळाही घेत नाही. चेंबर, म्हणजे तिथलं व्यापार-उद्योग मंडळ, घेतं, आणि परीक्षक मंडळात मालकांचा माणूस, कामगारांचा माणूस आणि शिक्षक असे तिघेही बसतात. त्यामुळे त्या कागदाला दुसऱ्या गावातला मालकही मानतो. आपल्याकडेही अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आहे, ती पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. पण कारखान्यातला व्यवस्थापक मुलाखतीत ते बाजूला ठेवतो आणि मुलाच्या हातात व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन, देतो. त्याचा कागदावर विश्वास नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

मला विचाराल तर सुधारणा इथून सुरू व्हायला हवी. पास झालेल्या प्रत्येक अप्रेंटिसमागे त्याला शिकवणाऱ्या सेटर-फिटरला भत्ता द्या, कंपनीला नव्हे, त्या माणसाला. परीक्षक दुसऱ्या कारखान्यातून आणा. आणि छोट्यांना यात ओढा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीच्या फाउंड्रीत, भोसरीच्या शेडमध्ये आजही पोरं उस्तादाच्या हाताखाली तयार होतात, आणि उत्तम होतात, कारण आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये कुणालाच एकच बटण दाबत बसणं परवडत नाही. कायद्यानं चार माणसांच्या आस्थापनेलाही आता स्वेच्छेनं अप्रेंटिस घेता येतो. पण मालकाला पोर्टल, ओटीपी, करार यांचा कंटाळा आणि भीती. दहा-पंधरा वर्कशॉप मिळून कागदपत्र सांभाळणारी एक व्यवस्था झाली तर माझ्या मते चाकणच्या मोठ्या लाइनपेक्षा तिथे चांगले कारागीर निघतील. याची चिन्हं अजून फारशी दिसत नाहीत. त्यामुळे पुढच्या पाच-सात वर्षांत संख्या नक्की वाढेल, विद्यावेतनही वाढेल. दर्जा मात्र कारखान्यागणिक वेगळा राहील, आणि निवड तुम्हालाच करावी लागेल.

तर भाच्याचं. कंपनीत जाऊन किंवा फोनवर विचारा की वर्षभरात कोणत्या कोणत्या विभागात फिरवणार. मेंटेनन्स किंवा टूल रूम मिळत असेल तर ठेकेदाराचे १६ हजार डोळे मिटून सोडा. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या एखाद्या मुलाला गेटवर चहाला गाठा, तो पाच मिनिटांत खरं सांगेल. कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अप्रेंटिस सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही, हे त्याला आधीच माहीत असू दे. उत्तर 'असेंब्ली लाइन, वर्षभर तिथेच' असं आलं, आणि घरी पैशाची खरोखरच ओढ असेल, तर ठेकेदाराकडे जाण्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त पीएफ कापला जातो का ते बघा आणि दुसरी अप्रेंटिसशिप शोधणं चालू ठेवा. दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचीही वाट आहे, तीही लक्षात असू द्या.

रुजू झाला आणि तीन महिन्यांनंतरही जॉब लावणं-काढणंच चालू असेल तर गप्प बसायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आयटीआयला जोडलेलं, अप्रेंटिसशिपचं काम बघणारं बीटीआरआय केंद्र असतं, तिथे लेखी तक्रार द्या. करार संपवायचा असेल तर कलम ७ प्रमाणे सल्लागाराकडे अर्ज करता येतो. न सांगता पळून येऊ नये, नोंद तशीच लटकून राहते आणि पुढचा करार अडतो. आणि आजच एक काम करा: आधार, दहावीची गुणपत्रिका आणि आयटीआयचं प्रमाणपत्र समोर ठेवून तिन्हींवर त्याचं नाव अक्षरशः एकच आहे का ते तपासा. वडिलांचं नाव एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून पोर्टल अडतं आणि खात्यातले १,५०० रुपये महिनोन् महिने येत नाहीत.